पोळ्यात उभी राहिलेली मशीन

आमच्या वर्धेकडे लॉन म्हणजे लग्न लावायची जागा. तिथे गवत असलंच पाहिजे असा कोणाचा आग्रह नसतो. दाराशी कमान हवी, मध्ये कारंजं हवं, त्यात पाणी नसलं तरी चालतं, आणि गाड्यांना एवढी जागा हवी की प्रत्येक पाहुण्याला आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे आडवी लावता यावी. नालवाडीच्या पुढे रस्त्याला लागून आमची भाज्यांची वाडी होती. माझ्या दिराने तिचं लॉन करायचं ठरवलं तेव्हा त्याने एकच वेगळेपणा मनाशी धरला. आपल्या लॉनमध्ये खरं गवत असेल. कल्पना उत्तम होती. गवत वाढतं, एवढी एक गोष्ट आराखड्यात राहून गेली. पालक-मेथीच्या वाफ्यांत लहानाचा मोठा झालेल्या माणसाकडून हे राहावं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

लॉनची व्यवस्था मी बघते. बुकिंग, पाणी, वीज, सफाईच्या बाया, मांडववाले आणि पाहुण्यांनी विसरलेले चार्जर, हे सगळं माझ्याकडे. नवरा नोकरीच्या गावी असतो. शनिवारी येतो, काय चाललंय विचारतो आणि मी सांगायला लागले की पेपर उघडतो. प्रत्येक कामाची यादी करायची मला सवय आहे. घरात त्यावर पुष्कळ विनोद होतात. भर लग्नात जनरेटर बंद पडला की मात्र विनोद करणारे माझ्या यादीतला डिझेलवाल्याचा नंबर मागायला रांगेने येतात.

गवत कापायची मशीन आली ती हिंगणीजवळच्या एका रिसॉर्टमधून. बोर धरणाच्या बाजूला, जंगलाच्या काठावर, कोणीतरी हौसेने हिरवळ केली होती आणि बसून चालवायची मशीनही आणली होती. पाहुणे तिथे वाघ बघायला येतात, कापलेलं गवत बघायला येत नाहीत, हे मालकाच्या लवकरच लक्षात आलं. दिराने ती मशीन जुन्यात उचलली. दिसायला लहानसा ट्रॅक्टरच. पुढे बॉनेट, मध्ये सीट, पोटाखाली फिरणारी पाती. पहिल्या दिवशी दीर स्वतः बसला. मध्येच फोन आला. फोनवर समोरच्याला मशीन किती सोपी आहे ते समजावत असताना त्याने कारंज्याचा एक कठडा पाडला.

मग मामाजी बसले. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य भाजीत गेलेलं. वाडीचं लॉन झालं, बैलजोडी विकली, आणि त्यानंतर त्यांच्याकडे वरांड्यातली एक प्लास्टिकची खुर्ची तेवढी उरली. तिच्यात बसून ते रस्त्याने जाणाऱ्याला कुठे चालला म्हणून विचारत. त्याने सांगितलेलं ऐकतही नसत. ताट पुढे केलं तर जेवत, नाही केलं तर मागत नसत. दीर सगळ्यांना सांगायचा की बाबा आता आरामात आहेत.

मशीन आली आणि माणूस पुन्हा कोंबड्याबरोबर उठायला लागला. चहा घेतला की डोक्याला दुपट्टा आणि बूड सीटवर. गवतात ते सरळ तास पाडत, ओळीला ओळ लावून, वखर धरल्यासारखे. वळणावर मशीनला तोंडाने चुचकारत. मशीनला हे ऐकू येत नाही असं दिराने सांगून बघितलं. ऊन चढलं की घरात येऊन, भाजीत तिखट का नाही म्हणून आरडाओरडा करत. आमच्या घरात याला तब्येत सुधारणं म्हणतात.

तर असा सगळा सुखाचा संसार चालला असताना पोळा आला.

बैल विकल्यापासून मामाजी पोळ्याच्या दिवशी घराबाहेर पडत नसत. या वेळी मात्र त्यांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं की पोळ्यात मशीन उभी राहील. आजकाल ट्रॅक्टर उभे करतात हे खरं. पण लग्नाच्या हिरवळीवर चालणारी मशीन बैलांच्या रांगेत उभी करायचा मान आमच्याच घराण्याला मिळाला असावा. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. मशीनला खांदे कुठे आहेत, असं मी विचारलं. मामाजींनी बॉनेटच्या दोन्ही बाजूंना हळद-तूप चोळून मला उत्तर दिलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हे बैलांना म्हणायचं तेही त्यांनी सीटसमोर वाकून म्हटलं. मी पुरण शिजवायला टाकलं. नाही म्हणून सांगते कोणाला.

शिंगं रंगवायची तर शिंगं नाहीत, ही अडचण त्यांनी त्याआधीच सोडवली होती. त्यांनी सबंध मशीनच रंगवली. मामाजी कामात चोख माणूस. मशीन धुतली, खरवडली, खालून वरून तांबडा ऑइलपेंट दिला, वाळल्यावर दुसरा हात दिला. इंजिन तेवढं सोडलं, तिथे रंग जळतो म्हणून. या सगळ्यात दिराचा वाटा एवढाच की त्याने कुठल्याशा व्हिडिओत बघून फोनवर सूचना दिली होती, धुवायच्या आधी बॅटरीची काळी वायर काढून ठेवा. मामाजींनी ती सूचना पाळली. दिराची सूचना घरात कोणी पाळली, हा प्रसंग मी तेव्हाच लिहून ठेवायला हवा होता.

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. म्हणून मामाजींनी किल्लीला हात लावू दिला नाही. मशीन ढकलत न्यायची. झूल पांघरलेली, बॉनेटला बेगड चिकटवलेली, स्टिअरिंगला नवी वेसण बांधलेली ती मशीन दीर आणि मांडववाल्याची माणसं तोरणापर्यंत ढकलत घेऊन गेली. दिराला घाम फुटला होता आणि तो ओळखीच्या माणसांकडे बघत नव्हता. तोरणाखाली मामाजींच्या वयाच्या एका भाजीवाल्याने मशीनच्या भोवती फिरून नीट पाहणी केली.

"याले तं चाकं हायेत," तो म्हणाला. "याले उद्या आनजो गा, तान्ह्या पोळ्यात. पोट्टे येतेतच लाकडाचे बैल घेऊन."

"लाकडाचा बैल गवत खाते काय?" मामाजी म्हणाले. "हे खाते."

त्यावर सगळी रांग हसली, आणि मामाजीही. पोळा फुटला, मशीन ढकलत घरी आली, तिच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि ते ताट शेवटी दिराने संपवलं. ढकलून ढकलून त्याला भूक लागली होती.

त्यानंतर पावसाने झड धरली. मशीन ताडपत्रीखाली उभी, आणि गवताला तर सुटीच. पाऊस उघडला तेव्हा हिरवळ गुडघ्याला लागत होती आणि येत्या रविवारी लग्न होतं. मुलीचे वडील सरकारी अधिकारी. बौद्ध कुटुंब, त्यामुळे चातुर्मासाची आणि मुहूर्ताची अडचण नाही. सगळ्यांच्या सुट्या जुळल्या तो दिवस धरला. अशा मंडळींच्या जोरावर आमचा पावसाळा निघतो. लग्न हॉलमध्ये, पण फोटो आणि नंतरचा स्वागताचा कार्यक्रम गवतावर, असं त्यांनी ठरवलं होतं. खऱ्या गवतासाठीच त्यांनी आमचं लॉन घेतलं होतं. सोमवारी ते जागा बघायला आले. फारच सभ्य गृहस्थ. गवताच्या कडेला उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं की यात साप वगैरे असतात का. मी म्हटलं, उद्या कापतो. सापाबद्दल काही बोलले नाही.

मंगळवारी मामाजींनी किल्ली फिरवली. मशीन म्हणाली, टक्.

पुन्हा फिरवली. टक्. पुढचे दिवे लागत होते, मीटरचा काटा हलत होता, पण इंजिन फिरेना. नुसतं टक्. मामाजी उतरले, बॉनेटवर हात ठेवला, पुन्हा बसले. तेवढ्यात दीर आला आणि त्याला दुरूनच सगळं समजलं. अंगावर पाणी ओतलं, हळदी-कुंकू केलं, तूप चोळलं, मग ही चालेल कशी. ही मशीन आहे, बैल नाही. हे त्याने मांडववाल्यांसमोर, सफाईच्या बायांसमोर आणि खुर्च्या उतरवायला आलेल्या हमालांसमोर सांगितलं. मग मुख्य मुद्दा काढला. नागपूरचा एक व्यापारी अशा मशीन बदल्यात घेतो. त्याच्याशी बोलणं झालेलंच होतं. पुढे गवताचं काम ठेक्याने द्यायचं, खांद्यावरचं कटर घेऊन माणसं येतील आणि कापून जातील.

"शुक्रवारी त्याचा टेम्पो येते," दीर म्हणाला. "चालू झाली तं ठीक. नाई तं जाऊ द्या. बाबाले बी आता आराम पायजे."

मामाजी सीटवरून उतरले. ते वरांड्यात गेले आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. वर्षभर त्या खुर्चीवर आम्ही कांद्याची टोपली ठेवत होतो. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि बसले. दुपारी मी ताट वाढलं. भाजीत तिखट कमी होतं, मुद्दाम कमी टाकलं होतं. ते काहीच म्हणाले नाहीत.

तेव्हा मी मशीनचं पुस्तक काढलं. ते माझ्याकडेच होतं, कारण अशी पुस्तकं माझ्याकडेच असतात. अशा मशीनला पुष्कळ शंका असतात, हे त्यातून कळलं. पायाखालचा ब्रेक दाबलेला आहे का, पात्याचा दांडा बंद आहे का, सीटवर खरोखर माणूस बसलाय का, हे सगळं ती आधी तपासते. प्रत्येक जागी एक लपलेला स्विच असतो, आणि एकाचंही समाधान झालं नाही तर ती चालू होत नाही. आमच्याकडे एखाद्या सोयरिकीतसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत. मी क्रमाने बघितलं. बॅटरीचे नट घट्ट. फ्यूज शाबूत. ब्रेक दाबला, दांडा बंद केला, स्वतः सीटवर बसले. टक्.

बुधवारी चौकातला मेकॅनिक आला. तो दुचाक्या, इन्व्हर्टर आणि कूलर दुरुस्त करतो, आणि हाताला लागेल ती चौथी वस्तूही. आल्या आल्या त्याने सांगितलं की सीटखालच्या स्विचला वजन लागतं आणि बाबांचं वजन कमी पडतंय. मामाजी खुर्चीतून ऐकत होते. वर्षभर ते वजन पुरलं होतं याचं काय, असं मी विचारलं. स्विच जुना झाला की जास्त वजन मागतो, असं उत्तर मिळालं. मग दिराला बसवलं. वजनाच्या बाबतीत आमच्या घरात त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवील. सीट खालपर्यंत गेली, स्प्रिंग करकरली, किल्ली फिरली. टक्.

मेकॅनिकने विचार केला. "आता जास्त झालं," तो म्हणाला.

पुढे त्याने सीटचा स्विच तोडून तारेने जोडला. मग ब्रेकचा. मग ज्याला तो सेन्सर म्हणत होता ती एक वस्तू काढली आणि ती हॉर्न निघाली. अखेर दिराची कार बोलावली, बॉनेट उघडलं आणि चिमट्यांच्या जाड केबलने कारच्या बॅटरीवरून मशीन चालू करून बघायचं ठरलं. लाल चिमटा मशीनच्या बॅटरीला लागला. काळा काही लागेना. बॅटरी कोपऱ्यात बसवलेली, तिथे चिमट्याचं तोंड उघडत नव्हतं. वैतागून त्याने तो इंजिनाच्या एका कडेला अडकवला आणि किल्ली फिरवली.

मशीन भर्रकन सुरू झाली.

मामाजी वरांड्यातून कधी उठले आणि कधी सीटशी पोचले ते कोणी बघितलं नाही. दुपट्टा डोक्याला बांधूनच आले होते. समोर गुडघाभर गवत, मशीन चालू, चालवणारा तयार. गवत कापायला आणखी काय लागतं, हे कोणाही साध्या माणसाला सांगता आलं असतं. पण तिथे जाणकार हजर होते. मेकॅनिकने हात आडवा घातला. बॅटरी पार बसलेली आहे, अशीच चालवली तर डायनामो जळेल, आधी नवी टाका. दिराने मान डोलावली आणि किल्ली बंद केली. मग दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

नवी बॅटरी गुरुवारी सकाळी आली. मामाजींनी तिला हळद-कुंकू लावलं, दिराने तोंड वाकडं केलं. मेकॅनिकने ती बसवली, नट आवळले, आणि हात पुसत जरा मागे उभा राहिला, फोटोत राहतात तसा. दिराने किल्ली फिरवली.

टक्.

मेकॅनिकने सांगितलं की आतली सगळी वायरिंग गेली असणार, कंपनीचा माणूस बोलवा. कंपनीचा माणूस कुठल्या देशात राहतो ते सांगितलं नाही. केबल गुंडाळून तो एका कूलरकडे निघून गेला. दिराने तिथूनच नागपूरला फोन लावला. उद्या सकाळी टेम्पो पाठवा. मग त्याने खांद्यावरच्या कटरवाल्यांना फोन केला. मामाजी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. रस्त्याने एक माणूस गेला. त्यांनी त्याला कुठे चालला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मी हॉलमध्ये लग्नाची यादी घेऊन बसले होते. खुर्च्यांची कव्हरं, बुद्धमूर्तीसाठी टेबल, मेणबत्त्या, पांढरी फुलं. पण डोकं गवतात होतं. कारची बॅटरी चांगली, तिच्यावर मशीन चालू झाली. नवी बॅटरीही चांगली, तिच्यावर होत नाही. मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे वायरिंग गेलेली असती तर ती कारवर तरी कशी चालली? आणि दोन्ही बॅटऱ्या चांगल्या, तर मग बुधवारी वेगळं काय होतं? मी यादी तिथेच टाकली आणि मशीनपाशी गेले. सगळी मशीन तांबडीलाल. फक्त इंजिन मूळच्या मळकट धातूचं, आणि त्याच्या कडेवर काळ्या चिमट्याच्या दातांचे ओरखडे.

शेजारच्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टरसाठी तशीच केबल असते. ती मागून आणली. दिराला कार काढायला सांगितलं. त्याला जेवायचं होतं. मी म्हटलं, जेवण गरम राहील, मी झाकून ठेवलंय. या वेळी काळा चिमटा वाकडातिकडा करून बॅटरीच्याच काळ्या टोकाला लावायला लावला. किल्ली. टक्. मग तोच चिमटा तिथून काढून इंजिनाच्या कडेला. किल्ली. मशीन सुरू.

"म्हंजे काय झालं?" दीर म्हणाला.

मी समजावलं. वीज बॅटरीतून निघते, इंजिन फिरवते आणि मशीनच्या अंगातून काळ्या वायरीने बॅटरीत परत येते. निघायची वाट ठीक आहे. परत यायची वाट कुठेतरी अडलीय. दिव्यांना थोडकी वीज लागते म्हणून दिवे लागतात. इंजिनाला भरपूर लागते, ती येत नाही. दिराने तोंड असं केलं की हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

मशीन बंद केली आणि मी बोट ठेवून काळी वायर धरून गेले. बॅटरीपासून निघून ती सीटखाली लोखंडी सांगाड्याला एका बोल्टने आवळलेली होती. बोल्ट तांबडा, गुळगुळीत, चकचकीत. पान्याने सोडवला. खाली सांगाडाही तसाच चकचकीत, भोकाच्या आतल्या कडेपर्यंत. वायरीच्या टोकाला उघडं लोखंड लागत होतं ते बोल्टच्या आट्यांत, नखाएवढं. इतकं निगुतीचं रंगकाम मी कुठल्याच रंगाऱ्याकडून कधी करवून घेऊ शकले नाही.

मामाजी पाठीमागे येऊन उभे होते.

"थो बोल्ट मीच काढलता," ते म्हणाले.

"काऊन पन?" दीर म्हणाला.

"तूच तं सांगतलं, काळी वायर काढजा. बॅटरीकडचा नट गंजला होता, निघेना. मंग मी दुसऱ्या टोकाकून काढली. वायर निघाल्याशी मतलब. मंग रंग देला. बोल्टाले बी देला, दोन हात." त्यांनी जरा वाकून बघितलं. "ओला नाई लावला. वाळू देला, मंगच आवळला."

शेवटचं वाक्य त्यांनी रंग बिघडवल्याचा आरोप येऊ नये म्हणून म्हटलं होतं. रंग कुठेच बिघडला नव्हता. तीच तर पंचाईत होती. आता दिराच्या तोंडावर जे उमटलं ते मला ओळखू आलं. बैलासारखी पूजा, म्हातारपण, आराम, असं सगळं भाषण तोंडाशी आलं होतं. म्हणून मी मध्येच विचारलं की भाऊजी, तो व्हिडिओ कोणता होता, ज्यात काळी वायर काढायला सांगितली होती? आणि त्यात कोणत्या टोकाकडून काढायची ते सांगितलं होतं का? मांडववाले ऐकत होते. भाषण परत गेलं.

मी काचकागद शोधत होते तेवढ्यात मामाजी जुन्या वाडीतलं खुरपं घेऊन आले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मांडी घालून बसले आणि आपणच दिलेले रंगाचे दोन्ही हात खरवडून काढले, सांगाड्यावरचे आणि बोल्टवरचेही. एकदा मान वर न करता म्हणाले, "एवढा चांगला बसलता." लोखंड पांढरं दिसायला लागलं तेव्हा वायर लावून बोल्ट आवळला. दिराने किल्ली पुढे केली. मामाजींनी ती घेतली नाही, आधी दुपट्टा बांधला. मग सीटवर बसले, मेकॅनिकला कमी वाटलेल्या त्या सगळ्या वजनासकट, आणि किल्ली फिरवली.

पहिल्याच फिरवण्यात मशीन सुरू झाली. गवत ओलं आहे, उद्या ऊन पडल्यावर कापा, असं दीर ओरडून सांगत होता. मामाजींनी पात्याचा दांडा ओढला आणि पहिला तास धरला. संध्याकाळपर्यंत ते उतरले नाहीत. रात्री जेवताना मला विचारलं की तिखट संपलं आहे का, तर आणायला सांगावं. मी सांगितलं, संपलं नाही. मग आजपासून टाकत जा, म्हणाले.

टेम्पोला नको म्हणून सांगायची आठवण मी दिराला केली होती. तो हो म्हणाला होता. शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. नागपूरहून आलेला माणूस कागद काढून उभा राहिला आणि मशीन कुठे आहे असं विचारू लागला. मशीन गवतात होती. मामाजी तास घेत थेट टेम्पोपर्यंत आले, त्याच्या चाकाजवळून वळले आणि दुसरा तास धरून परत गेले. असं बऱ्याचदा झालं. त्या माणसाने दोनदा हात केला. मामाजींनीही त्याला हात केला, रस्त्याने जाणाऱ्याला करतात तसा. शेवटी दिराने त्याला चहा पाजला आणि काहीतरी गैरसमज झाला म्हणून वाटेला लावलं. गैरसमज कोणाचा, हे मी चहा देताना विचारलं नाही. मी प्रत्येक ठिकाणी बोलते असं नाही.

रविवारी लग्न झालं. गवतावर फोटो निघाले. मुलीचे वडील गवताच्या कडेला उभं राहून म्हणाले की छान कापलंय, ठेकेदार कोण आहे तुमचा. कोपऱ्यातल्या टेबलावर मामाजी जेवत होते. धुतलेलं धोतर, स्वच्छ टोपी, आणि नखांत तांबडा रंग. मी त्यांच्याकडे बोट केलं. ते गृहस्थ जाऊन त्यांच्या शेजारी बसले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. लांबून एवढं दिसलं की मामाजी ताटातल्या भातावर बोटाने सरळ रेघा ओढून काहीतरी समजावत होते.

त्या रात्री घरात एक करार झाला. दीर म्हणाला, "बाबा, पुढल्या पोळ्याले रंग नाई लावाचा."

"पोळ्याले रंग लावाच लागते."

"मंग थो बोल्ट सोडून लावजा."

"हाव. आंधीच सांगतलं असतं तं तवाच सोडला असता," मामाजी म्हणाले. चूक कोणाची, हा विषय त्यांच्यापुरता तिथे मिटला. दिराने माझ्याकडे बघितलं. मी खरकटी भांडी उचलायला लागले.

यंदाच्या पोळ्याआधी मी सामानाची यादी केली. ऑइलपेंट, ब्रश, बेगड, झुलीसाठी कापड, आणि शेवटी काचकागद, लागला तर असावा म्हणून. दुकानातून सामान आलं तेव्हा मामाजींनी ते एकेक करून बाहेर काढलं. काचकागद हातात धरून थोडा वेळ बघितला आणि परत पिशवीत टाकला. मग मला मशीनपाशी घेऊन गेले. सीट उचललेली, काळी वायर बाजूला बांधलेली. बोल्ट वेगळा, कागदात गुंडाळून खिशात. आणि सांगाड्यावर बोल्टाच्या जागी पाण्याच्या बाटलीचं झाकण, गव्हाच्या कणकेने पक्कं चिकटवलेलं.

"इथं रंग लावाचा नाई. मले मालूम हाय," ते म्हणाले. "तू जाय, पुरन वाट."

मी गेले आणि पुरण वाटलं. पोळ्याच्या दिवशी मशीन जुंपायची नाही, हा नियम मात्र कायम आहे. किल्ली मामाजींच्या खिशात होती आणि दीर मशीन ढकलत होता. तोरणापाशी पोचेपर्यंत त्याच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला. गेल्या वर्षीचा तो भाजीवाला तिथे उभाच होता. दिराकडे बघून त्याने मामाजींना विचारलं की हा दुसरा बैल कधी घेतला.